बायकांचा पिक्चर

(ढाणकी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचं भाग्य मला मिळालं नाही. त्यांचे विद्यार्थी मात्र पुढे कॉलेजात माझे सोबती झाले. गुरुजी रविवारी सायकल काढून तालुक्याला पिक्चर पाहायला जात आणि सोमवारी शेवटच्या तासाला त्याची गोष्ट वर्गाला सांगत, हे मी या सोबत्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. ज्या मुलींना थिएटरचं दारही पाहायला मिळणार नव्हतं, त्यांनी असे कितीतरी सिनेमे गुरुजींच्या तोंडून पाहिले. म्हणून आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, सिनेमावरच बोलू द्या. आपण ज्याला 'बायकांचा पिक्चर' म्हणतो, त्यावर.

बोलायला उभा राहिलो तेव्हा आधी या मंडपाकडेच पाहिलं. डाव्या हाताला माता-भगिनी, उजव्या हाताला पुरुष मंडळी, मधून जायला वाट. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आपण आलो आणि आपोआप असे बसलो. मी लहान होतो तेव्हा या जागी दोर असायचा.

मी पैनगंगेच्या काठच्या खेड्यातला. जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. दिवसभर जीप गावोगाव फिरून पुकारा करायची, संध्याकाळी जनरेटर धडधडायला लागला की आमच्या पोटात गोळा यायचा. तंबूत जमिनीवर गोणपाट अंथरून बसायचं. मधोमध पडद्यापासून मशीनपर्यंत एक जाड दोर बांधलेला, त्यावर जागोजागी पोती टाकलेली. अलीकडे बायका, पलीकडे माणसं. पोरांना कुठेही बसायची मुभा होती, पण मिसरूड फुटायला लागलं की दोराच्या पलीकडे जावं लागे. माझं मिसरूड अजून फुटलं नव्हतं त्या सालची ही गोष्ट आहे.

1991 साली 'माहेरची साडी' आला. विजय कोंडके यांचं दिग्दर्शन, अलका कुबल नायिका, उषा नाडकर्णी सासू. मुळात तो 'बाई चली सासरिये' या राजस्थानी सिनेमावरून घेतलेला. पण मराठी बाईनं तो असा उचलला की तो परका आहे असं कुणाला वाटलंच नाही. शहरांत तो महिनोन्महिने चालला. आमच्याकडच्या जत्रेत पुढच्या हिवाळ्यात आला. जीपवरचा माणूस ओरडत होता की हा पिक्चर खास माताभगिनींसाठी आहे, येताना रुमाल घेऊन या. त्या दिवशी गावातल्या बैलगाड्या बायकांनी भरल्या. गाड्या हाकायला पुरुष होते. त्यांनी बायकांना तंबूच्या दाराशी उतरवलं आणि ते चहाच्या टपरीवर जाऊन बसले. दोराच्या पलीकडची बाजू जवळजवळ रिकामी राहिली.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तेवढे तिकीट काढून आत गेले. टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "बायकायच्या पिक्चरले काहून चालले बापा?" ते काही बोलले नाहीत. मी आईजवळ बसलो होतो आणि पोत्याच्या फटीतून मला ते दिसत होते. रिकाम्या गोणपाटावर मांडी घालून एकटेच. पागोटं काढून मांडीवर ठेवलेलं. आमच्या बाजूला हुंदक्यांचा नुसता पूर आला होता. ते पडद्याकडे पाहत होते, पण रीळ बदलताना दिवा लागला की मान खाली घालायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकर खाऊन ते निघाले. हिवाळ्यात पैनगंगेला पाणी कमी असतं, पायी उतरता येतं. नदी ओलांडून पलीकडे हदगाव तालुक्यात त्यांची लेक दिली होती. सोबत तुरीच्या शेंगांची एक पिशवी. अंधार पडायच्या सुमाराला परत आले. मोठ्या आईनं विचारलं तेव्हा "बरी हाय" एवढंच म्हणाले आणि बैलांना वैरण टाकायला गेले. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. बाप आपण होऊन लेकीच्या दारात गेल्याची ती पहिलीच वेळ, हे मला फार नंतर कळलं.

तो सिनेमा मला आज आवडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. सोसत राहणं हाच बाईचा दागिना, असं तो सांगतो. सासूला राक्षस करून तो घरातल्या बाकीच्यांना मोकळं सोडतो. पण माझा राग सिनेमापेक्षा जास्त त्या पुकाऱ्यावर आहे. लेकीचा छळ होतो, या गोष्टीशी बापाचा, नवऱ्याचा, दिराचा, सासऱ्याचा काही संबंधच नाही, असं त्या एका वाक्यानं ठरवून टाकलं. ज्यांनी तो पाहायला हवा होता, ते टपरीवर चहा पीत होते. आणि ज्या आधीच सगळं सोसत होत्या, त्यांना आणखी एकदा सोसायला शिकवण्यासाठी तिकीट विकलं गेलं.

'बायकांचा', 'पुरुषांचा' हे शिक्के मारतं कोण, असं तुम्ही विचाराल. सरकार मारत नाही. 1952च्या कायद्यानुसार सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं. आधी 'यू' आणि 'ए' हे दोनच वर्ग होते. 1983 पासून 'यूए' आला आणि डॉक्टरांसारख्या एखाद्या व्यवसायापुरता 'एस' आला. 2023च्या दुरुस्तीनं 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे वयाचे टप्पे पाडले. म्हणजे वय पाहिलं, व्यवसाय पाहिला, पण बाई-पुरुष हा भेद कायद्यानं कधी केला नाही. तो पोस्टर छापणाऱ्यानं केला, जीपवरून पुकारणाऱ्यानं केला, आणि घरी बसून 'तो रडका पिक्चर आहे, तुम्ही बायका जा' म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी केला.

मुळात आपल्या सिनेमाच्या जन्माच्या वेळी बाई आणि पुरुष ही वाटणी टिकलीच नव्हती. 1913 साली दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' करायला निघाले तेव्हा तारामतीच्या कामाला एकही बाई मिळेना. शेवटी एका उपाहारगृहात स्वयंपाकाचं काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. आपल्या पहिल्या चित्रपटाची नायिका पुरुष होती. त्याच साळुंक्यांनी 1917च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. 1919च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. आणि 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा चांगल्या घरातल्या बाईला त्यासाठी किती ऐकून घ्यावं लागत असेल याची कल्पना करा. पुढे त्याच घरात चंद्रकांत गोखले आणि विक्रम गोखले झाले. पडद्यावर पुरुष सीता होऊ शकतो, मुलगी कृष्ण होऊ शकते, प्रेक्षक दोघांनाही हात जोडतो. मग पडद्यासमोर बसणाऱ्यानंच आपल्या बाजूचा दोर का धरून ठेवायचा?

आता दुसरी बाजू. ती मी माझ्या आईमुळे शिकलो, म्हणून तिच्याबद्दल घाईनं बोलणार नाही.

त्या शिक्क्यानं बायकांना बाहेर पडायला मिळालं, हे खरं आहे. आमच्या घरातून बाईनं सिनेमाला जायचं तर दोनच प्रकारचे सिनेमे चालत: देवाचा आणि बायकांचा. 1975 साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा बायका थिएटरच्या दाराबाहेर चपला काढून आत जात. त्यात भक्ती होतीच, पण घरातून मिळालेली परवानगीही होती. देवाच्या नावाखाली तीन तास कुणी तुमच्याकडे काही मागत नाही, कुणी चहा टाकायला सांगत नाही, हे सुख ज्यांना रोज मिळतं त्यांना समजायचं नाही. अलीकडे 2023 मध्ये केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्या वयाच्या बायका मुख्य भूमिकांत. गावोगावच्या बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून गटागटानं थिएटरात गेल्या. त्या गर्दीला नाक मुरडणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटले नाहीत. बायका मिळून एकत्र हसायला बाहेर पडतात, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत 'खास महिलांसाठी' लावणीचे कार्यक्रम लागतात. जी लावणी पिढ्यान् पिढ्या फक्त पुरुषांनी पाहिली, तिला बायका टाळ्या आणि शिट्ट्या देतात. तेही मला आवडतं. कुणाच्या नजरेची धास्ती न बाळगता बसता येईल अशी जागा बाईला हवीच. दुपारचा खेळ, परतीची गाडी, बायकांची वेगळी रांग, दारात नीट उजेड, ही सगळी गरजेची सोय आहे. ज्या दिवशी तिची गरज उरणार नाही तो दिवस अजून लांब आहे.

म्हणून मी खेळ आणि सिनेमा यांत फरक करतो. खेळाला पाटी खुशाल लावा. 'दुपारी 12 वाजता महिलांसाठी' असं लिहा. पण तीच पाटी सिनेमाच्या कपाळावर ठोकू नका. खेळाची पाटी तीन तासांनी उतरते. सिनेमाची पाटी उतरत नाही, आणि ती दोन्ही बाजूंनी लागू होते: हा बायकांचा, म्हणजे पुरुषांनी पाहायचं कारण नाही; आणि बाकीचे सगळे आपोआपच बायकांचे नाहीत.

माझ्या आईच्या वाट्याला हे दुसरं आलं. 'पिंजरा' 1972चा. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, श्रीराम लागू आणि संध्या. आमच्या गावात त्याचं नाव 'तमाशाचा पिक्चर'. घरंदाज बाईनं त्याच्याकडे पाहायचंही नाही. माझ्या आईनं तो पहिल्यांदा पाहिला साठीनंतर, टीव्हीवर, लसूण सोलता सोलता. लसूण तसाच परातीत राहिला. संपल्यावर ती म्हणाली, "हा तं मास्तरचा पिक्चर हाय. तमाशाचा कुठं हाय?"

मी वर्गात 'पिंजरा'वर कितीतरी वेळा बोललो असेन, पण एवढं नेमकं मला कधी सुचलं नाही. एका आदर्श मास्तराला स्वतःच्या प्रतिमेची शिकार व्हावं लागतं, हा त्या सिनेमाचा गाभा आहे आणि तो आईनं एका वाक्यात पकडला. चाळीस वर्षं तिला त्यापासून लांब ठेवलं ते एका शिक्क्यानं. 'सांगत्ये ऐका'चंही तेच. 1959 साली आलेला अनंत माने यांचा तो सिनेमा पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. त्यात जयश्री गडकर आहेत, हंसा वाडकर आहेत. पुढे हंसाबाईंचं आत्मचरित्र निघालं तेव्हा त्यालाही तेच नाव मिळालं, आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी 1977 साली 'भूमिका' केला. एका बाईच्या आयुष्याची एवढी मोठी कहाणी, आणि आमच्याकडे तिची ओळख 'पुरुषांच्या शौकाचा पिक्चर' अशी!

आपला आवडता सिनेमा कोणता, असं मला विद्यार्थी विचारतात. मी नेहमी 'कुंकू' सांगतो. प्रभातचा, 1937चा, शांतारामांचाच. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेला. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावलं जातं आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. नीरा शांता आपटे यांनी केली. त्या काळात एवढा ताठ नकार पडद्यावर आणणं सोपं नव्हतं. पण दर वेळी 'कुंकू' पाहताना मी नीरेइतकाच काकासाहेबांकडे पाहतो. ते काम केशवराव दाते यांनी केलंय. हा माणूस दुष्ट नाही. त्याला समाजात मान आहे. त्यानं जे केलं ते त्याच्या आजूबाजूचे सगळेच करत होते. हळूहळू त्याला आपण काय केलं ते दिसू लागतं. त्याची स्वतःची मोठी, शिकलेली मुलगी घरी येते, तिच्यासमोर त्याला मान वर करता येत नाही. ती भूमिका शकुंतलाबाई परांजपे यांनी केली होती, ज्यांनी पुढे आयुष्यभर कुटुंबनियोजनाचं काम केलं. भिंतीवरचं जुनं घड्याळ आणि तो म्हातारा यांची शांतारामांनी घातलेली सांगड मी इथे सांगत बसत नाही, ती पाहायलाच हवी.

आता सांगा, हा सिनेमा कुणाचा? नाव 'कुंकू', नायिका बाई, विषय बाईचं लग्न. शिक्का मारणारा डोळे मिटून 'बायकांचा' म्हणेल. पण यातली सगळ्यात अवघड वाट चालतो तो म्हातारा. आपण चुकलो हे कबूल करणं, तेही घरात, आपल्यापेक्षा लहान आणि आपल्या हाताखालच्या माणसासमोर, ही गोष्ट आपल्या पुरुषांना कुणी शिकवलेली नाही. शाळेत नाही, घरात नाही, पारावर तर नाहीच नाही. ज्या दोन-चार ठिकाणी ती शिकायला मिळते त्यांपैकी एक हा सिनेमा आहे. त्यावर 'बायकांचा' असं लिहिलं की पुरुषाचं नुकसान आधी होतं, हे मला इथल्या पुरुष मंडळींना कळकळीनं सांगायचं आहे.

1982 साली जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून. स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घर सोडून जाते. परत येते तेव्हा त्या घरात तिची जागा राहिलेली नसते. त्यातली काही गाणी आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांची. एका महाविद्यालयात 8 मार्चला हा सिनेमा दाखवला आणि नंतर बोलायला मला बोलावलं होतं. मी गेलो तर सभागृहात फक्त मुली. मुलं कुठे आहेत, असं विचारलं. ज्यांनी कार्यक्रम ठेवला होता ते मला समजावून सांगू लागले, "सर, महिला दिन आहे. मुलांना कशाला?" खिडकीतून मैदान दिसत होतं. तिथे क्रिकेट चाललं होतं. 'उंबरठा'मधला नवरा, गिरीश कर्नाड यांनी केलेला सुभाष, हा सुशिक्षित, गोड बोलणारा, बायकोवर कधी हात न उचलणारा माणूस आहे. मैदानावरची ती पोरं मोठेपणी तसेच नवरे होणार होती. तोच माणूस त्यांना त्या दिवशी भेटू शकला असता. मी आयोजकांना तसं म्हणालो, त्यांनी मान हलवली. वादावादी करायला ती वेळ नव्हती. पण ती खिडकी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

यावर कुणी म्हणेल, पुरुष सिनेमात रडत नाहीत, म्हणून ते असल्या सिनेमांना जात नाहीत. हे मी मानत नाही. 'श्यामची आई' काढा. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं पुस्तक. आचार्य अत्रे यांनी त्यावर 1953 साली सिनेमा केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. आई झाल्या वनमाला, श्याम झाला माधव वझे. नावात आई आहे, सगळी गोष्ट आईची आहे. तरी त्याला कुणी कधी 'बायकांचा सिनेमा' म्हटलं नाही. बाप, मुलगा, शिक्षक, पुढारी, सगळे त्यात उघडपणे रडले, आणि त्यांच्या रडण्याला संस्कार म्हणून मान मिळाला. म्हणजे पुरुषाला रडू येतं. फक्त कुणासाठी रडायचं हे आपण त्याला ठरवून दिलं आहे. आईसाठी रडला तर मातृभक्त. बायकोसाठी रडला तर बाईलवेडा. आणि सासरी गांजलेल्या लेकीसाठी माझे मोठे बाबा रडले, त्यावर गावानं पुढची किती वर्षं त्यांना 'माहेरची साडी' म्हणून हाक मारली, ते मी मोजलेलं नाही. हाक मारली की ते हसायचे. ते हसू मला तेव्हाही बोचायचं.

बाहेरच्या जगातही हा विचार चालू आहे. अमेरिकेत ॲलिसन बेकडेल यांनी 1985 साली एका चित्रमालिकेत एक साधी कसोटी मांडली: सिनेमात निदान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि ते बोलणं पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी असावं. 2013 साली स्वीडनमधल्या काही चित्रपटगृहांनी या कसोटीला उतरणाऱ्या सिनेमांना खास खूण द्यायला सुरुवात केली. कसोटी म्हणून ती डोळे उघडणारी आहे. आज रात्री घरी गेल्यावर तुमच्या आवडत्या पाच सिनेमांना ती लावून पाहा. पण तिचा शिक्का झाला की पुन्हा तीच अडचण येते. दोन बायका पाच मिनिटं भाजीच्या भावावर बोलल्या की खूण मिळणार, आणि एकट्या बाईच्या मनातली घालमेल दोन तास दाखवणाऱ्या सिनेमाला मिळणार नाही.

आणि सिनेमा करणारी बाई असली म्हणजे ती बायकांबद्दलच सिनेमा करते असंही नाही. सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकर यांच्यासोबत 'दोघी' केला, तसाच 'देवराई'ही केला. त्यात अतुल कुलकर्णी यांनी केलेला तरुण स्किझोफ्रेनियानं ग्रासलेला आहे. पुढे 'कासव' केला, ज्याला 64व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. नैराश्यात बुडालेल्या एका तरुणाला माणसं सांभाळून घेतात, एवढीच ती गोष्ट. पुरुषाच्या मनाची पडझड मराठी पडद्यावर इतक्या मायेनं फार कमी लोकांनी दाखवली आहे.

हे बोलताना मला आपल्या जिल्ह्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण इथून लांब नाही. साहेबराव करपे तिथले. 19 मार्च 1986 रोजी त्यांनी पत्नी मालतीबाई आणि चार मुलांसह जीवन संपवलं. ही राज्यातली पहिली नोंदली गेलेली शेतकरी आत्महत्या मानली जाते, आणि दर वर्षी त्या दिवशी अनेक लोक अन्नत्याग करतात. त्या घरातली सहा माणसं गेली, पण आपल्या बोलण्यात ती एका शेतकऱ्याची आत्महत्या म्हणून राहिली. शेतकरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. त्याच्या मागची बाई दिसत नाही.

ती दिसली 2009 साली, सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' या सिनेमात. गोष्ट विदर्भातल्या कापसाच्या शेतकऱ्याची. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय. अलकाच्या मनात भीती शिरते की आपला किसनाही असंच काही करेल. ती पोराला त्याच्यामागे धाडते, सासूला नजर ठेवायला सांगते, गोडाधोडाचं करून घालते, तो जरा गप्प बसला की तिचा जीव टांगणीला लागतो. अलका सोनाली कुलकर्णी यांनी केली, किसना गिरीश कुलकर्णी यांनी, सासू ज्योती सुभाष यांनी. ही नुसती पडद्यावरची गोष्ट नाही, हे या मंडपातल्या डाव्या बाजूला मी सांगायची गरज नाही. सोयाबीन गेलं, कापसाला भाव नाही, बँकेची नोटीस आली, त्या रात्री नवरा कूस बदलतो तरी जाग येणाऱ्या बायका इथे बसलेल्या आहेत.

उजव्या बाजूला मात्र सांगितलं पाहिजे. मित्रांनो, हा सिनेमा शेतकऱ्याचा म्हणजे पुरुषांचा की अलकाचा म्हणजे बायकांचा, हे ठरवायला बसलात तर दोन्हीकडून हातचा जाईल. तो पुरुषानं पाहायचा, कारण आपण गप्प बसतो तेव्हा घरात काय चालतं ते त्याला तिथे दिसेल. बाईनं पाहायचा, कारण आपल्या भीतीला कुणीतरी नाव दिलंय हे तिला कळेल. आणि शक्य असेल तर दोघांनी एकत्र पाहायचा, म्हणजे घरी जाताना गाडीवर काहीतरी बोलता येईल. नवरा-बायकोला बोलायला विषय सापडत नाही, ही आपल्या घरांची केवढी तरी मोठी गरिबी आहे. सिनेमा ती थोडीफार दूर करू शकतो. पण त्यासाठी दोघांनी तो एकाच वेळी पाहिलेला असला पाहिजे.

आयोजकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी व्याख्यानमालेचा एक दिवस व्याख्यान ठेवू नका. पडदा लावा, प्रोजेक्टर आणा, 'गाभ्रीचा पाऊस' किंवा 'कुंकू' दाखवा. जाहिरातीत सिनेमाचं नाव, वार आणि वेळ एवढंच लिहा. खास कुणासाठी ते लिहू नका. लांबच्या वस्त्यांवरच्या आणि तांड्यांवरच्या बायकांना आणायला आणि रात्री पोचवायला गाडीची सोय करा, त्या गाडीच्या डिझेलचा खर्च मी देईन. मधली वाट ठेवायची की खुर्च्या सलग मांडायच्या, ते तुम्ही ठरवा.

आणि पुरुष मंडळींनो, त्या दिवशी घरच्या बाईला दारात सोडून चहाच्या टपरीवर बसू नका. आत या.